विज्ञानाच्या वहीत मराठीच्या बाई

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्याच मीटिंगमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, पोरांना चार ओळी मनाने लिहिता येत नाहीत, तुम्ही मराठीच्या, तर सगळ्या विषयांत लेखन कसं घेता येईल ते जरा बघा. बघा म्हणजे करा, हे 14 वर्षांच्या नोकरीत कळलंय. शाळा तालुक्याची, 5वी ते 10वी, एकेका वर्गात साठ पोरं.

स्टाफरूममध्ये विषय काढला तर पहिला प्रश्न, तपासणार कोण? चूक नाही त्यांचं, आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदी आहेत, ऑनलाइन माहित्या भरायच्या आहेत, त्यात अजून साठ वह्या. गणिताचे सर म्हणाले, आता काय त्रिकोणाचं आत्मवृत्त लिहून घेऊ का? सगळे हसले, मी पण.

आणि 2023-24 ला पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं आली होती ना, ती 2025 मध्ये निर्णय होऊन बंद झाली. आमच्याकडे बहुतेक पोरांनी त्या पानांवर फळ्यावरचंच उतरवलं होतं, त्यामुळे नुसतं पान देऊन भागत नाही हे माहीत होतं.

तरी सुरुवातीला मी माती खाल्लीच. आठवीच्या विज्ञानाच्या वह्या मागवल्या आणि लाल पेन घेऊन बसले. "निरिक्षण" दिसलं की री दीर्घ कर, पूर्णविराम घाल, वाक्य नीट कर. पुढच्या आठवड्यात सगळ्या वह्यांत एकसारखं शुद्ध मराठी! गाईडमधलं. विज्ञानाच्या मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, बाई, तुम्ही वह्या बघू नका, पोरं घाबरतायत. राग आला, खोटं कशाला बोलू, पण खरंच होतं ते.

मग आम्ही दोघींनी ठरवलं की तास संपताना पाच मिनिटं, एकच प्रश्न, वहीच्या मागच्या पानावर, मार्क नाहीत, शुद्धलेखन नाही, आणि मॅडमनी रोज फक्त आठ-दहा वह्या वाचायच्या, पेन हातात न घेता. त्या दिवशी चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचा प्रयोग झाला होता. प्रश्न होता, तुमच्या परीक्षानळीत काय झालं? एका पोराने लिहिलं, "आमची निवळी पांढरी झाली नाय, तशीच राहिली, पण पुस्तकात दुधाळ झाली म्हणून मी वर झाली लिहिलंय." मॅडमनी बाटली बघितली तर झाकण सैल, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निवळीतला चुना आधीच संपलेला, तळाला पांढरा साका. दुसऱ्या दिवशी तास त्या साक्यावरच झाला. इतकी वर्षं अनुमान बरोबर म्हणून बरोबरची खूण करत आलो आपण, असं मॅडम स्वतःच म्हणाल्या.

हे ऐकून गणिताचे सर जरा हलले. सहावीला 1/2 + 1/3 दिलं आणि म्हणाले, उत्तर नको, कसं केलं ते मला पत्रात लिहा. "सर, मी वरचे वरचे मिळवले आणि खालचे खालचे मिळवले, 2/5 आलं." असं लिहिणारी निम्मी पोरं निघाली! पण एकीने पुढे लिहिलं होतं, "पण 2/5 तर अर्ध्यापेक्षा कमी आहे, मिळवून कमी कसं झालं?" सरांनी तो कागद चार दिवस खिशात घालून सगळ्यांना दाखवला.

इतिहास-भूगोलाचं फार काही सांगण्यासारखं नाही, तिथे आधीपासून लिहितातच, फक्त टिपा द्यायच्या बंद करायला वेळ लागला, इंग्रजीचं अजून अडलंय.

पीटीचे सर मात्र आपणहून आले, पाऊस होता, मैदान बंद, म्हणाले आमचं पण घ्या. खो-खोत तू पळतीला असतेस तेव्हा काय करतेस ते लिही, असं त्यांनी मुलींना सांगितलं. टीममधल्या एका मुलीने दीड पान लिहिलं, खांद्याने एकीकडे दाखवायचं आणि पाय दुसरीकडे टाकायचा, पोलजवळ कधी थांबायचं, सगळं. सर म्हणाले, मॅडम, ही हे ठरवून करते हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. तिने सगळीकडे "हुलकावनी" लिहिलं होतं. मी काही बोलले नाही.