चिलखत मी केलंय

ग्रुप फोटो काढायची वेळ आली की फोन आपोआप माझ्या हातात येतो. "हिला छान काढता येतात" असं सगळे म्हणतात. ते खरंही आहे, पण ही कला मी कॅमेऱ्याच्या मागे राहायला मिळावं म्हणूनच शिकले. अशा बाईने महिनोन् महिने खपून, अनोळखी लोकांनी थांबवून फोटो मागावेत असा पोशाख का करावा, याचं धड उत्तर मला आजही देता येत नाही. कॉस्प्लेने, म्हणजे गेम-सिनेमातल्या पात्राचा पोशाख करून वावरण्याने, आत्मविश्वास वाढतो म्हणतात. माझा कुठे वाढला आणि कुठे तसूभरही नाही, ते सांगते.

पात्र निवडताना अट एकच होती, तोंड झाकलेलं हवं. एका गेममधली चिलखतधारी योद्धा सापडली. डोक्यापासून पायापर्यंत पत्रा, बोलणं कमी, चाल संथ. आणखी काय हवं?

फोमचं चिलखत करायचं तर आधी स्वतःच्या अंगाचा साचा लागतो. जुना टी-शर्ट घालायचा, त्यावरून अन्न झाकायला वापरतात ती पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायची आणि वर कागदी चिकटपट्टी आडवी-उभी लावत जायची. मग मार्करने मधली रेघ, मुंढे, कंबर, कवचाच्या कडा आखायच्या, जोडखुणा करायच्या आणि कात्रीने कापून सगळं सोलून काढायचं. हे एकटीने होत नाही. धाकट्या बहिणीला पकडलं. ती पट्ट्या लावत होती आणि मी सवयीने पोट आत ओढून उभी.

"ताई, श्वास सोड."

"सोडलाय."

"कुठे सोडलायस? दिवसभर पोट आत ओढून फिरणारेस का त्यात? मग मला खोटं माप का देतेस?"

सोडला. पट्टी ताणली गेली, तिने वर आणखी एक लावली. थोड्या वेळाने माझा आकार जमिनीवर उलगडून पडला होता आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत होतो. आरशात मी स्वतःला कायम तिरकी उभी राहून बघते. इथे तशी सोय नव्हती. पोटाचा भाग सपाट होईना, तर तिथे टक्स द्यायचे. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरता, तर तिकडचा पट्टा आखूड करायचा. बहीण बोट ठेवून विचारत होती आणि मी उत्तरं देत होते, दुसऱ्या कुणाच्या मापाबद्दल बोलावं तशी. त्या संध्याकाळी मला स्वतःच्या पोटाची लाज वाटायला सवडच मिळाली नाही.

पुढचं काम हाताचं. छातीला 10 मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम (रबरासारखा लवचीक, हलका फोम), खांदे आणि हातांना 5, कडांच्या नक्षीला 2. ब्लेड बोथट झालं की फोम कापला न जाता कुरतडला जातो, त्यामुळे ब्लेड बदलताना कंजुषी करायची नाही. हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं यंत्र, फिरवली की फोमचा मऊसर पृष्ठभाग डोळ्यांदेखत आवळतो आणि त्यावर हलकी चकाकी येते. चकाकी आली म्हणजे छिद्रं मिटली, आता तो रंग पिणार नाही. गरम असतानाच मांडीवर दाबून धरला की थंड झाल्यावर बाक तसाच राहतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तो वाकलेला तुकडा घेऊन घरभर फिरले.

कॉन्टॅक्ट सिमेंट म्हणजे चिकटवायचा गोंदच. तो दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि एकदाच जोडायचं. उचलून परत लावू म्हटलं तर फोम फाटतो. या सिमेंटमध्ये बऱ्याचदा टोल्युइनसारखी द्रावकं असतात. खिडक्या उघड्या हव्यात आणि ऑरगॅनिक व्हेपरचा फिल्टर लावलेला रेस्पिरेटर हवा. साधा कापडी मास्क त्या वाफांपुढे काही कामाचा नाही. व्हिडिओंमध्ये लोक खुशाल उघड्या तोंडाने चिकटवाचिकटवी करताना दिसतात म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

रंगाचं फार सांगत नाही. लवचीक प्रायमर, काळा थर, वर चंदेरी अ‍ॅक्रिलिक, खाचांमध्ये पातळ तपकिरी रंग भरून पुसून घ्यायचा, कडांवर कोरड्या ब्रशने झीज दाखवायची. कोरं करकरीत चिलखत खोटं वाटतं.

रंगीत तालीम मात्र कुणीही टाळू नये. सगळं अंगावर चढवून घरात चालले, जिने चढले, दारातून आडवी निघाले. बसता येत नाही, फक्त टेकता येतं. पाणी स्ट्रॉनेच. हेल्मेटमधून समोरचं दिसतं, पायाखालचं नाही, त्यामुळे बाहेर पडताना सोबत कुणीतरी लागणारच. आत छोटा पंखा बसवला, नाहीतर स्वतःच्याच श्वासाने काच धुरकटते. स्वच्छतागृहात जायचं तर कंबरेखालचे तुकडे कोणत्या क्रमाने सोडायचे याचीही तालीम झाली, बहिणीने घड्याळ लावून घेतली.

याच सुमारास एका मैत्रिणीने मला धीर द्यायला एका संशोधनाची माहिती पाठवली. हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोघांचा 2012 चा प्रयोग. पांढरा कोट तोच, पण तो डॉक्टरचा आहे असं सांगून घातला तर लोकांचं लक्ष जास्त चांगलं लागतं आणि चित्रकाराचा म्हणून घातला तर तसं होत नाही, असं त्यात निघालं होतं. वाचून बरं वाटलं. मग कळलं की त्याच अभ्यासातला पहिला प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा करून पाहिला, 2019 मध्ये तो प्रसिद्धही झाला, आणि त्यात कोटाने लक्ष सुधारल्याचं दिसलं नाही. योद्ध्याचे कपडे घातले की अंगात योद्धा संचारेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता.

संचारलाही नाही. कॉस्प्ले करणाऱ्यांच्या संमेलनाला गेले, प्रवेशद्वाराशी तलवार तपासून घेतली, धार नाही, धातू नाही, म्हणून तिला खुणेची पट्टी बांधून दिली, आणि आत शिरताना माझे पाय लटपटत होते. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. एरवी चारचौघांत काय बोलावं हे मला सुचत नाही. इथे समोरचाच येऊन बोलायला सुरुवात करतो आणि विषय आधीच ठरलेला असतो. "फोटो काढू का?" "हे कशाचं केलंय?" "वजन किती आहे?" तीनही प्रश्नांची उत्तरं मला पाठ. पोजही एकच बसवली होती, तलवार जमिनीला टेकवून हनुवटी वर. हातांचं काय करायचं हा फोटोतला माझा जुना प्रश्न तलवारीने सोडवला. जत्रेतल्या बहुरूप्याला जी मोकळीक असते, ती मला तासाभरात समजली.

सगळं गोडगोड नव्हतं. एकाने फोटोसाठी न विचारता कंबरेला हात घातला. अशा प्रकारांमुळेच न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या संमेलनाने 2014 मध्ये ठळक फलक लावले होते, कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे, अशा अर्थाचे. मी "हात काढा" म्हणाले. हेल्मेटमधून आवाज घुमून निघाला असावा, कारण तो दोन पावलं मागे सरकला. पुढच्या रांगेत कुणीतरी "मूळ पात्र एवढं जाड नाहीये" असंही म्हणालं. ते लागलं. पात्र चित्रकाराने काढलेलं असतं, त्याला जेवावं लागत नाही, वगैरे उत्तरं मला रात्री सुचली. तेव्हा मी फक्त बहिणीचा हात धरून पुढे गेले.

दुपारी कारागिरीचं परीक्षण होतं. परीक्षकांना कामाच्या टप्प्यांचे फोटो दाखवायचे, शिवण-जोड दाखवायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "हेल्मेट काढून देता का? आतलं काम बघायचंय."

याची तालीम केलेली नव्हती. काढलं. घामाने चिकटलेले केस, लाल झालेलं तोंड, आणि समोर तीन माणसं. "सगळं तुम्हीच केलंत?" या प्रश्नावर माझ्या तोंडात ठरलेलं उत्तर तयार होतं, "हो, असंच केलंय जरा." आयुष्यभर हेच म्हणत आलेय. परीक्षेत नंबर आला तरी, ऑफिसात अहवाल पसंत पडला तरी.

पण त्याच आठवड्यात मी मोरोजोबद्दल वाचलं होतं. 1939 साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकाळातला पोशाख घालून गेले. या छंदाचा इतिहास सांगताना त्यांचं नाव हटकून येतं. त्यांचा पोशाख शिवला होता मर्टल डग्लस यांनी, म्हणजे मोरोजोने. ती स्वतःही तसाच पोशाख घालून तिथे हजर होती, तरी पुष्कळदा तिचं नाव मागून येतं. माझं डोकं त्यावरून तापलेलंच होतं.

"हो, मी केलंय," म्हणाले. मग खांद्याचा जोड उलटा करून दाखवला, लवचीक पट्टा आतून कसा लावलाय, हात वर केला की कवच कवचाखाली कसं सरकतं. उतरत्या खांद्यासाठी डावा पट्टा आखूड ठेवलाय हेही सांगितलं. त्या बाई वाकून बघत होत्या, मध्येच "हे सुरेख आहे" म्हणाल्या. मी "धन्यवाद" म्हणून थांबले. पुढे काहीही जोडलं नाही, हे मला फार अवघड गेलं. बक्षीस दुसऱ्यांना मिळालं, आणि त्यांचं काम खरंच माझ्यापेक्षा सरस होतं.

त्यानंतर ऑफिसात कुणी कामाचं कौतुक केलं तर मी काय केलं ते सरळ सांगते. एवढं माझ्यासोबत घरी आलं. फोटोंचं काही बदललेलं नाही, लग्नसमारंभात फोन अजून माझ्याच हातात असतो, आणि चिलखतातले फोटो मी आनंदाने दाखवते तरी हेल्मेट काढलेला एकमेव फोटो बहिणीच्या फोनमध्येच पडून आहे.

पुढचं पात्र ठरलंय. या वेळी हेल्मेट नाही, तोंड उघडं. बहिणीने ऐकल्या ऐकल्या चिकटपट्टीचे रोल आणून ठेवलेत. उष्णता सोसणारा विग आणलाय, कपाळाशी येणारी जाळीची कड कापून झालीय. फक्त विग पांढरा आणि माझ्या भुवया काळ्याभोर, त्यांचं काय करायचं हे अजून सुटलेलं नाही.