सतरा सेकंदांचा फरक

तक्रार आली ती गॅलरीतल्या एका व्हिडिओ कलाकृतीच्या आवाजाची. सकाळी सगळं बरोबर चालतं, संध्याकाळी मात्र घोषणा नावांवर चढतात, असं गॅलरीतून कळवलं होतं.

मांडणी अशी: समोरासमोरच्या भिंतींवर दोन प्रोजेक्टर, प्रत्येकाला वेगळा मीडिया प्लेअर, 14 मिनिटांची लूप. एका भिंतीवर कोरेगाव भीमाजवळच्या पेरणे फाट्याची 1 जानेवारीची गर्दी आणि फुलांनी मढवलेला जयस्तंभ. दुसरीवर एरवीचा स्तंभ आणि पुणे-नगर रस्त्यावरच्या ट्रक. नवव्या मिनिटाला घोषणा एकदम थांबतात आणि समोरच्या भिंतीवर स्तंभावरची, लढाईत पडलेल्या सैनिकांची 49 नावं येतात, प्रत्येकी 3 सेकंद, आवाज अजिबात नाही.

सगळं काम त्या शांततेवरच उभं आहे. कंपनी आणि पेशव्यांच्या सैन्यातली 1818ची कोरेगाव भीमाची लढाई नक्की कोणी जिंकली यावरच वाद आहे. स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयाचा म्हणून उभारला. 1927 साली बाबासाहेब तिथे आले, तेव्हापासून लाखोंसाठी तो महार सैनिकांच्या शौर्याची खूण. काहींच्या लेखी मात्र तो आजही गोऱ्यांचाच. 2018मध्ये तिथे हिंसाचारही झाला. 49 पैकी 22 नावं ‘नाक’ने संपतात, ती महार सैनिकांची, बाकीची इतरांची. त्यांच्यावर घोषणा वाजल्या की कुणाला तो मान वाटतो, कुणाला कब्जा. कलाकाराला यातलं काहीच सुचवायचं नव्हतं.

दोन्ही फायलींत सेकंदाला 25च्या वेगाने बरोबर 21,000 फ्रेम होत्या. पण गर्दीच्या फायलीत ऑडिओ ट्रॅक व्हिडिओपेक्षा अर्धा सेकंद लांब, आणि तो संपेपर्यंत प्लेअर थांबायचा. आठ तासांत 34 फेऱ्या, म्हणजे 17 सेकंद. पाच-सहा नावं घोषणांखाली जायची. आवाज तीन डेसिबल उतरवा, असाही आग्रह झाला. तो मानला असता तर बिघाड तसाच राहिला असता आणि एक बाजू उगाच दबली असती.

ऑडिओ फ्रेमला फ्रेम कापला. दोन्ही प्लेअर एका लॅन स्विचवर घेतले. एक मुख्य, दुसरा दर फेरीला त्याच्या इशाऱ्यावर सुरू होणारा. तपासणीसाठी दोन्हींच्या सुरुवातीला एक पांढरी फ्रेम टाकली, एका पडद्याच्या कडेला आरसा धरला आणि मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये दोन्ही पांढऱ्या चमका एकत्र टिपल्या. फरक एका फ्रेमच्या आत आला की पांढरी फ्रेम काढायची.

एकाच बटणाने दोन्ही चालू करू नयेत. मुख्य प्लेअर आधी उठला तर त्याचा पहिला इशारा वाया जातो आणि पहिली फेरी चुकते. दुसरा आधी, मिनिटभराने मुख्य. तशी चिठ्ठी स्विचबोर्डावर चिकटवली आहे.