सहा महिने झाले की नाचणी

आमच्या बेळगाव-खानापूर भागात बाळाचं वरचं खाणं म्हटलं की पहिलं नाव नाचणीचंच, आणि मला ते मनापासून पटतं. रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, बारीक पांढरे मोड आले की वाळवून मंद भाजायची, दळायची आणि सुती कापडातनं वस्त्रगाळ करायची, त्या पिठाला काय सुंदर वास येतो! १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि मोड आणल्यानं त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. सासूबाई हे कुठंही न वाचता करत आल्यात.

फक्त या पिठाची खीर पाण्यासारखी करू नका गं, चमच्यावर टिकायला पाहिजे, नाहीतर पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातनं दोन-तीनदा, अंगावरचं दूध चालूच. मीठ-साखर वर्षभर नको. मध तर अजिबात चाटवू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातनं बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषानं होणारा गंभीर आजार, होऊ शकतो, आज्जी कितीही म्हणाल्या तरी प्रेमानं नाही म्हणा. मग हळूहळू मुगाची मऊ खिचडी वरनं तूप घालून, कुस्करलेलं केळं, आणि घरात चालत असेल तर नीट उकडलेलं अंडं पण.