मोठं टेबल कशाला?

धुळ्यात देवपूरला माझा पूलचा, म्हणजे स्टिकने बॉल टेबलाच्या पॉकेटांत पाडायच्या खेळाचा, हॉल आहे. तीन टेबलं सातफुटी, एक नऊफुटी. खान्देशात कुठेही कुणी नवा हॉल काढायचं मनावर घेतलं की आधी बघायला येतो आणि विचारतो, ‘सगळी छोटीच का नाही घेतली? मोठ्यावर जागा का घालवली?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

टेबल लहान झालं तरी स्टिक लहान होत नाही. ती ५८ इंचांचीच. खेळायची जागा सातफुटीवर साधारण ३९ बाय ७८ इंच, नऊफुटीवर ५० बाय १००. चारही बाजूंना स्टिकची लांबी सोडली की छोट्याला १३ बाय सव्वासोळा फूट लागतात आणि मोठ्याला १४ बाय १८. फरक एवढाच! माझा गाळा २० बाय ४०. टेबलं आडवी लावून मधली जागा दोघांत सामाईक धरली, तर नऊफुटी तीन बसतात, सातफुटी चार. आणि तीन छोटी, एक मोठं, हेसुद्धा बसतं. चौथ्या छोट्याच्या जागीच मोठं आलंय. त्याने जागा खाल्लेली नाही, ते वेळ खातं.

संध्याकाळी शिरपूर, साक्री, शिंदखेड्याची शिकायला आलेली पोरं चौघं-चौघं मिळून येतात. फ्रेमवर, म्हणजे डावावर, पैसे; हरेल तो देणार. छोट्यावर त्यांची फ्रेम पटकन सुटते, पुढचे दोघे उभे राहतात. मोठ्यावर तीच पोरं अर्धा अर्धा तास अडकतात. कारण साधं आहे. बॉल सव्वादोन इंचांचा, कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास. मधोमध नेम धरला तर दोन्ही बाजूंना चुकायला मुभा एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दिशा एक अंशाने चुकली तर चार फुटांवर बॉल सात सुतांच्या आतच सरकतो, म्हणजे पडतो. सहा फुटांवर तीच चूक सव्वा इंच होते आणि बॉल पॉकेटच्या जबड्यावर आपटून परत येतो. हात तोच, चूक तीच. नवखा पोरगा अशा चार फ्रेम खेळला की परत येत नाही. माझं भाडं आणि लाइटबिल छोटी टेबलंच भरतात, हे मान्यच.

पण छोटं म्हणजे सोपं असं कुणी म्हणालं की मला राग येतो. बॉल तेवढेच, सोळा, त्याच आकाराचे, आणि जागा मोठ्याच्या साठ टक्के. बॉल एकमेकांना चिकटून बसतात. स्टिक ज्याला मारतात त्या पांढऱ्या बॉलला दोन बॉलांमधून वाट काढून नेमक्या वितीवर थांबवणं ही वेगळी विद्या आहे. एट-बॉल, म्हणजे आपापले सात बॉल पाडून शेवटी काळा आठ नंबर पाडायचा डाव, छोट्यावर रंगतो तो त्यामुळेच.

मग मोठं कशाला? दोन वर्षांपूर्वी साक्रीकडचे एक शेतकरी बाबा पोरगा कुठे जातो ते बघायला आले होते. नऊफुटीवर हात फिरवून म्हणाले, “इतलं मोठं कसाले, भाऊ?” मी त्यांच्या पोरालाच लांबचा शॉट मारायला लावला. त्याचा कोपर बाहेर जात होता. छोट्यावर ते कधी दिसलंच नव्हतं, बॉल पडत होते ना! मोठ्या स्पर्धा नऊफुटीवर होतात. तिथे पहिल्यांदाच त्या टेबलावर उभा राहिलेला पोरगा घाबरतो, हे मी स्वतः अनुभवलंय. आमच्या पोरांनी त्यासाठी नाशिक-पुण्याला जावं, हे मला पटत नाही. म्हणून दुपारी दोन ते पाच, उन्हामुळे हॉल रिकामाच असतो तेव्हा, मोठं टेबल सरावाला अर्ध्या दरात देतो. तो पोरगा अजून येतो. कोपर आता आत असतो.

बाराफुटी स्नूकर टेबलाचंही विचारलंत. स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरला जन्मलं, म्हणजे भुसावळहून एका गाडीच्या अंतरावर. मलाही ते फार आवडतं. पण त्याला लांबीकडून साडेएकवीस फूट हवेत. आडवं लावायला माझा गाळा दीड फुटाने कमी पडतो, आणि उभं लावलं तर अर्ध्याहून जास्त गाळा तेच खाईल.

तुम्ही गाळा बघायला जाल तेव्हा टेपसोबत एक स्टिक न्या. जमिनीवर खडूने टेबल आखा आणि चारही बाजूंनी स्टिक मागे ओढून बघा. मधे खांब येत असेल तर भाडं कितीही कमी असो, घेऊ नका.