लॅपटॉपच्या पंख्याची घरघर

गुहागरच्या आमच्या घरातून रात्री सुरूच्या बनापलीकडची समुद्राची गाज स्पष्ट ऐकू येते, आणि अनुवादाचे काम मी मुद्दाम त्याच वेळी करते. गेले वर्षभर मात्र लॅपटॉप सुरू केल्यावर पाच मिनिटांत त्याचा पंखा घरघरू लागतो आणि गाज ऐकू येईनाशी होते. यंत्राला अजून तीन वर्षेही झालेली नाहीत आणि त्याचे बाकीचे सारे भाग धडधाकट आहेत.

आरंभी मला धुळीचा संशय आला. जांभ्याची तांबडी धूळ आमच्याकडे कुठेही शिरते. मागचे झाकण उघडले तेव्हा प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून ज्या बारीक पत्र्यांपर्यंत येते, त्यांच्या फटींत धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला दिसला. मऊ ब्रशने तो काढल्यावर तापमान ९४ अंशांवरून ८१ अंशांवर आले, पण आवाज तसाच राहिला. मग बंद पंख्याचे पाते बोटाने हलवून पाहिले, तर ते खुळखुळले.

या स्वस्त पंख्यांत मधला आस बारीक गोळ्यांवर फिरवणारे बॉल बेअरिंग नसते, तेल मुरवलेले सच्छिद्र धातूचे बुश, म्हणजे आस धरणारी छोटी नळी, असते. उष्णतेने ते तेल आटते, आस कोरडाच घासू लागतो, बुशाचे भोक झिजून मोठे होते आणि पाती डगमगतात. आमच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी आसावर गंजही चढतो; माझ्या पंख्याच्या आसावर तपकिरी कडे उमटलेले होते.

आमच्या माजघरातला टेबलफॅन माझ्या शाळेच्या दिवसांपासूनचा आहे. त्याचे बुश झिजले की गावातला मिस्त्री अर्ध्या तासात नवे बसवतो. लॅपटॉपच्या पंख्याचे बुश सुटे मिळत नाही, माझ्या पंख्यावरचे झाकण तर रिव्हेट मारून बंद केलेले आहे, आणि तेल सोडायला त्याला जागाच ठेवलेली नाही. चिपळूणच्या दुरुस्तीवाल्याने प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘ताई, अख्खा पंखाच बदलावा लागेल.’’ बदलला. आषाढात बसवलेला तो नवा पंखा गणपती येईपर्यंत जेमतेम शांत राहिला.

आवाज मोठा आहे, एवढीच तक्रार असती तर मी ती सोसली असती. पावसाळ्यात कौलांवर रात्रभर पाऊस कोसळतो आणि त्या संथ आवाजात माझे काम उलट चांगले होते. ही घरघर मात्र चढते, उतरते, मध्येच थांबते, पुन्हा खरखरत सुरू होते, आणि वाक्याचा शेवट मनात जुळत आलेला असताना नेमकी तो मोडून टाकते. ज्याच्या हाती हा पंखा घडवण्याचे काम होते त्याने थोडा अधिक खर्च करून टिकाऊ बेअरिंग घालायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

शेवटी रिव्हेट उचकटून, पाती वर ओढून मी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडला. अकरा दिवस शांतता लाभली, आणि बाराव्या रात्री घरघर परतली.

आता तिसरा पंखा मागवायचा आहे. विक्रेत्याला फोन करून आत बुश आहे की बॉल बेअरिंग, एवढेच विचारले. त्याने लेबल वाचून ५ व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा सांगितला. बेअरिंगचा उल्लेख त्यावर नव्हता.