झोसिमाने विचारलेले नाव

बुधवार, रात्री उशिरा

रशियन लेखक दस्तयेवस्की यांच्या ‘ब्रदर्स करामाझोव्ह’ या कादंबरीतील एका प्रसंगापाशी मी तीन दिवस अडकून आहे. मठाच्या दाराशी जमलेल्या बायकांपैकी एक खेडूत आई मठातल्या झोसिमा या वृद्ध साधूला सांगते, की तिचा मुलगा गेला तेव्हा त्याला तीन वर्षे पूर्ण व्हायला तीनच महिने उरले होते. घरी त्याचे सदरे आणि बूट मांडून ती बघत बसते आणि हंबरडा फोडते, त्याच्या इवल्या पावलांचा आवाज एकदा कानी पडावा, एवढीच तिची इच्छा आहे. बालके देवाजवळ आनंदात असतात, असे झोसिमा आधी तिला समजावतो. त्यावर ती म्हणते, की तिचा नवराही हेच सांगतो, पण सांगताना तो स्वतःच रडत असतो. तेव्हा तो साधू तिला रडू देतो, सांत्वन मानून घेण्याची सक्ती करत नाही.

दस्तयेवस्की यांचा मुलगा अल्योशा, म्हणजेच अलेक्सी, १८७८ च्या मे महिन्यात अपस्माराने गेला. त्याचेही वय नेमके एवढेच होते, आणि हा आजार वडिलांनाही होता. त्यानंतरच्या महिन्यात ते रशियातील ऑप्टिना मठात अम्व्रोसी या साधूंना भेटले. तेथून पत्नी अ‍ॅना यांच्यासाठी आणलेले शब्दच पुढे झोसिमाच्या तोंडी आले, असे अ‍ॅना यांनी आठवणींत लिहिले आहे. या ओळी मला इतक्या खऱ्या का वाटल्या, ते हे कळल्यावर उमगले. दुःख आवरण्याच्या अटीवर मिळणारी श्रद्धा त्या बापाला नको होती.

माझ्या धाकट्या बहिणीचे बाळ गेले, त्या दिवसांत मी तिला सारखी म्हणत होते, की तो देवाघरी सुखात आहे, आता तू सावर. माझाही देवावर विश्वास आहे आणि मी ते मनापासून बोलत होते. पण तिचे रडणे मला सोसवत नव्हते, हेही तितकेच खरे.

झोसिमा त्या आईला मुलाचे नाव विचारतो. ती ‘अलेक्सी’ म्हणते, आणि त्या बाळासाठी, तिच्या दुःखासाठीही, प्रार्थना करण्याचे तो कबूल करतो. आमच्या घरात वर्षभर कोणी बाळाचे नाव उच्चारले नव्हते. आज संध्याकाळी भाजी निवडताना मी बहिणीसमोर ते घेतले. तिचे हात थांबले, डोळे भरून आले, आणि मग त्याला वरणभात किती मऊ कालवून लागायचा, हे ती मला सांगू लागली.