व्हॉल्व्ह रेडिओ स्टेशने क्षीण पकडत असेल तर

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओवर स्टेशने क्षीण येऊ लागली की बहुतेक जण आधी व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) बदलतात. मला ही घाई पटत नाही. प्रथम काही मीटर लांबीची एरियल जोडावी आणि आसपासचे एलईडी दिवे व चार्जर बंद करावेत, कारण मीडियम वेव्हवर त्यांची खरखर दुबळा सिग्नल सहज बुडवते. मात्र मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट विजेच्या लाइनशी जोडलेली असू शकते, म्हणून तिला अर्थची तार किंवा मोबाइल कधीही जोडू नये.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटच्या पिकअप सॉकेटमधून (रेकॉर्ड प्लेयर जोडण्याची जागा) दिलेला आवाज खणखणीत येत असेल, तर दोष डिटेक्टरच्या (रेडिओ सिग्नलमधून आवाज वेगळा करणाऱ्या भागाच्या) आधीच्या टप्प्यांत शोधावा. तिथे माझे लक्ष सर्वांत आधी स्क्रीन ग्रिडच्या, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या एका जाळीच्या, व्होल्टेजकडे जाते. मेणकागदी कपॅसिटर गळू लागला किंवा रेझिस्टरची किंमत वाढली, की शंभराच्या आसपास हवे असलेले व्होल्टेज तीस-चाळीसवर घसरते आणि चांगला व्हॉल्व्हही निस्तेज वाटतो. मोजताना एक हात दूर ठेवावा; एचटी (व्हॉल्व्हना लागणारे उच्च व्होल्टेज) २५० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त असू शकते आणि सेट बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

एरियल कॉइलची केसासारखी तार टोकाशी हिरवट पडून तुटलेली असू शकते, तीही भिंगातून पाहावी. आयएफ (सेटमधली ठरावीक मधली वारंवारता) ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू मात्र सिग्नल जनरेटर, म्हणजे हवी ती वारंवारता देणारे उपकरण, हाताशी असल्याशिवाय फिरवू नयेत. अनेक सेटमध्ये ही वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ असली, तरी आपल्या सेटची सर्किट आकृती पाहूनच ती जुळवावी.